हृदयविकारानंतरची निगा : शेतावर आणि घरी

हृदयविकार हा शहरात राहणाऱ्या, बैठे काम करणाऱ्या सधन लोकांचा रोग आहे, अशी समजूत खेड्यापाड्यांतून अद्याप आढळते. शेतात राबणाऱ्या माणसास हा विकार व्हावयाचा नाही, असे छातीठोकपणे सांगणारी मंडळीही पुष्कळ भेटतात. वस्तुस्थिती आता तशी राहिलेली नाही. मोटेची जागा विजेच्या पंपाने, नांगराची जागा ट्रॅक्टरने आणि पायवाटेची जागा मोटारसायकलीने घेतली. अंगमेहनत घटली, तंबाखू, मीठ आणि काळजी मात्र घटली नाही. ५२ देशांत झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ ह्या पाहणीतून असे दिसून आले की, भारत व त्याच्या शेजारच्या देशांतील लोकांस हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. इतर देशांत हेच वय ५९ च्या सुमारास आहे. ५३ वर्षांचा माणूस म्हणजे शेतकरी कुटुंबातील कर्ता पुरुष. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण आणि सोसायटीचे कर्ज ही तिन्ही ओझी त्याच्याच खांद्यावर असतात.

सुदैवाने झटका आलेला माणूस हाती लागत नाही, ही पूर्वीची स्थिती पालटली आहे. मोठ्या शहरांपुरती असलेली अँजिओप्लास्टीची सोय आता पुष्कळ जिल्ह्यांत झाली असून, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून तिचा खर्चही भागतो. त्यामुळे झटक्यातून वाचून घरी परतलेला शेतकरी आता गावोगावी दिसू लागला आहे. प्रस्तुत लेख त्याच्यासाठी, त्याच्या घरच्यांसाठी आणि त्याच्या गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे.

कृषी खात्याच्या पत्रिकेत हा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. रुग्णालयातून घरी येताना रुग्णाच्या हातात एक कागद दिलेला असतो. त्यावर गोळ्यांची नावे असतात व खाली चार शब्द असतात : मीठ कमी, तेल कमी, तंबाखू बंद, हलके काम. सूचना अचूक असतात. परंतु कमी म्हणजे किती, कोणते तेल, आणि शेतातील हलके काम कोणते, हे त्या कागदावर नसते. दारे धरणे हलके की जड? पाठीवर पंप घेऊन फवारणी करावी काय? ह्या प्रश्नांची उत्तरे दवाखान्यापेक्षा बांधावर अधिक नेमकी देता येतात. कागदावरचे चार शब्द शेताच्या आणि चुलीच्या मापात बसवून देणे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याचेच काम आहे.

एक ड्रिपर मोकळा झाला म्हणून

हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या धमन्यांच्या आतील अस्तरात वर्षानुवर्षे चरबी साचत जाते. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, तेथे रक्ताची गुठळी धरते आणि पुढचा प्रवाह बंद पडतो. रक्तावाचून स्नायूचा तेवढा भाग मरू लागतो. ह्यालाच झटका म्हणतात. अँजिओप्लास्टी करून डॉक्टर ती जागा मोकळी करतात व तेथे जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवितात.

येथेच सर्वांत मोठा गैरसमज होतो. ‘ब्लॉक काढला, आता काही नाही’ असे रुग्ण म्हणतो आणि घरचेही म्हणतात. ठिबक सिंचन वापरणाऱ्या शेतकऱ्यास ह्यातील चूक चटकन कळेल. क्षारयुक्त पाण्यामुळे नळीवरील एक ड्रिपर बंद पडला व आपण तो मोकळा केला, म्हणून पाण्यातील क्षार नाहीसे होत नाहीत. उरलेल्या ड्रिपरांत ते साचतच असतात. धमन्यांचेही तसेच आहे. शिवाय धमन्या आम्ल सोडून धुऊन काढता येत नाहीत. ज्यास एकदा झटका येऊन गेला, त्यास दुसरा येण्याचा धोका निरोगी माणसापेक्षा पुष्कळ अधिक असतो. झटक्याच्या धोक्याशी निगडित असलेल्या गोष्टी ‘इंटरहार्ट’ पाहणीत नऊ आढळल्या : धूम्रपान, रक्तातील विघातक चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरील ताण, भाज्या-फळांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्य. पहिल्या झटक्यामागील बहुतेक सर्व जोखीम ह्या नऊ गोष्टींत सामावलेली आहे, आणि ह्यांतील प्रत्येक गोष्ट थोडीबहुत आपल्या हातची आहे.

गोळ्या कोणत्या व किती दिवस

झटक्यानंतर बहुतेक रुग्णांस चार प्रकारच्या गोळ्या दिल्या जातात. अॅस्पिरिन व तिच्या जोडीची दुसरी गोळी रक्ताची गुठळी होऊ देत नाही. स्टॅटिन कोलेस्टेरॉल उतरविते व साचलेला थर फुटण्यापासून राखते. तिसरी गोळी नाडीचा वेग आवरून हृदयाचे काम हलके करते आणि चौथी रक्तदाब उतरवून हृदयाचा आकार बिघडू देत नाही. ह्यांपैकी एकीनेही रुग्णास ‘बरे वाटल्याचा’ अनुभव येत नाही, आणि गोळ्या सुटण्याचे मूळ ह्यातच आहे. डोकेदुखीच्या गोळीने डोके थांबते हे कळते. न आलेला झटका कळत नाही. १७ देशांत केलेल्या व २००१ नंतरच्या दशकातील स्थिती दाखविणाऱ्या ‘प्युअर’ पाहणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. गरीब देशांत हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या लोकांपैकी शेकडा सुमारे ८० लोक ह्या औषधांपैकी एकही घेत नव्हते, आणि शहरांपेक्षा खेड्यांतील स्थिती अधिक वाईट होती.

आमच्या भागातील एका सोयाबीन उत्पादकाचे उदाहरण येथे देतो. वय ४६, चार एकर जमीन. वैशाखात झटका आला, स्टेंट बसला, मृग लागण्यापूर्वी ते घरी आले. पेरणी मुलाने केली. भाद्रपदात गोळ्यांची पाकिटे संपली. अंगात ताकद वाटत होती, सोयाबीन अजून घरात आलेले नव्हते, खताची उधारी होती. ‘माल विकला की आणू’ असे त्यांनी ठरविले. तीन आठवड्यांच्या आत स्टेंटमध्येच गुठळी झाली. पुन्हा रुग्णालय घडले आणि जीव वाचला. परंतु हृदयाचा बराच भाग निकामी झाला. आज ते घरापासून खळ्यापर्यंत चालताना दोनदा बसतात. दोन एकर बटाईने दिले आहे. त्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सोयाबीनच्या एका फवारणीपेक्षा कमी होता.

स्टेंट बसविल्यानंतर रक्त गोठू न देणाऱ्या दोन्ही गोळ्या साधारणतः वर्षभर घ्याव्या लागतात. काहींस मुदत कमी-अधिक असते. ती मुदत डॉक्टरांनीच ठरवावयाची. त्यानंतरही अॅस्पिरिन व स्टॅटिन बहुधा जन्मभर चालू राहतात. पैशाची अडचण असल्यास गोळी बंद करण्याऐवजी जनऔषधी केंद्रातून तेच औषध पुष्कळ कमी किमतीत घ्यावे, किंवा सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. पाकीट संपण्यापूर्वी दहा दिवस नवे पाकीट घरात असावे. बियाणे आपण पेरणीच्या दिवशी शोधावयास निघत नाही; तोच नियम येथे पाळावा.

ह्या गोळ्या घेणाऱ्यास विळा किंवा कोयता लागल्यास रक्त लवकर थांबत नाही. घाबरू नये. स्वच्छ कापडाने जखम दहा मिनिटे न उघडता दाबून धरावी. जखम मोठी असेल तर दवाखान्यात जावे. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दात काढावयाचा असला, तरीही आधी हृदयाच्या डॉक्टरांस विचारावे.

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी मुद्दाम सांगावी. कापणी-मळणीच्या दिवसांत अंग दुखते म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेण्याची किंवा इंजेक्शन टोचून घेण्याची रीत सर्वत्र आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ह्या वर्गातील औषधे हृदयरोग्यास घातक ठरू शकतात. अंग दुखल्यास पॅरासिटामॉल घ्यावी. तीही वारंवार लागत असेल, तर डॉक्टरांस दाखवावे.

गोळ्यांचा परिणाम होतो की नाही, हे मोजल्यावाचून कळत नाही. माती परीक्षणावाचून खताची मात्रा ठरविण्यासारखेच ते होईल. रक्तदाब १३० व ८० च्या आत असावा. ‘एलडीएल’ नावाचे विघातक कोलेस्टेरॉल ७० च्या खाली आणावे. अनेक तज्ज्ञ आता ५५ च्या खालचे उद्दिष्ट धरतात. मधुमेह असल्यास तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणारी तपासणी बहुतेकांच्या बाबतीत ७ च्या आसपास राहावी. पोटाचा घेर पुरुषाचा ९० व स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असावा. रक्तदाब व साखर आरोग्य उपकेंद्रात, म्हणजेच आयुष्मान आरोग्य मंदिरात, तपासता येते.

चंची

महाराष्ट्रात २०१६-१७ साली झालेल्या तंबाखूविषयक पाहणीत शेकडा सुमारे २४ प्रौढ लोक तंबाखू खाणारे किंवा लावणारे आढळले. ओढणारे शेकडा चारहून कमी होते. म्हणून ‘धूम्रपान करू नका’ एवढेच आपल्या खेड्यात सांगणे पुरेसे नाही. ‘मी ओढत नाही, नुसती मळून खातो’ हे उत्तर ठरलेले असते. ‘इंटरहार्ट’च्या आकडेवारीत बिडी ओढणाऱ्यास झटका येण्याची शक्यता तंबाखूपासून दूर राहणाऱ्याच्या जवळजवळ तिप्पट, तर खाणाऱ्याची दुपटीहून अधिक दिसली. मिसरीही तंबाखूच होय. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया ती लावतात, परंतु त्यांस कोणी विचारीत नाही आणि त्याही सांगत नाहीत.

झटक्यानंतर सोडून काय उपयोग, असे पुष्कळ जण म्हणतात. उपयोग मोठा आहे. झटक्यानंतर विडी-सिगारेट सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका, न सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी झाल्याचे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. स्वीडन देशात ओठाखाली तंबाखू ठेवण्याची चाल आहे. तेथील अशा २,४७४ हृदयरुग्णांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला; त्यांत ज्यांनी तंबाखू सोडली, त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण न सोडणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मे होते. कोणत्याही एका गोळीने साधणार नाही एवढा हा लाभ आहे आणि त्यास खर्च नाही, उलट बचत आहे.

सोडताना पहिले चार दिवस फार जड जातात, दोन-तीन आठवड्यांनी तलफ ओसरते. ह्या काळात पारावर किंवा पाण्याच्या पाळीवर बसलेल्या मित्राने चंची पुढे करणे, हाच खरा अडसर असतो. माणूस स्वतःच्या इच्छेपेक्षा समोरच्याचा मान राखण्यासाठी चिमूट घेतो. म्हणून कार्यकर्त्याने रुग्णाइतकेच त्याच्या दोन-चार सोबत्यांशी बोलावे. फुकट सल्ला व मदत देणारा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक १८००-११-२३५६ आहे. तो गोळ्यांच्या कागदावर लिहून द्यावा.

मिठाचा हिशेब पुड्यावरून

‘मीठ कमी खा’ असे सांगितल्यास प्रत्येक जण ‘आम्ही कमीच खातो’ असे म्हणतो. त्याऐवजी महिन्यास मिठाचे किती पुडे लागतात, हे विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याइतकी आहे. ह्या हिशेबाने पाच माणसांच्या घरात एक किलोचा पुडा किमान ४० दिवस पुरावयास हवा. आणि ह्यात लोणचे, पापड, खर्डा, फरसाण व सुकी मासळी ह्यांतील मीठही धरावयाचे. पुडा वीस दिवसांत संपत असेल, तर आणखी चौकशीची गरज नाही. गुरांसाठी आणलेले मीठ मात्र वेगळे मोजावे. सैंधवाने रक्तदाब वाढत नाही ही समजूत खरी नाही. सैंधवही मीठच आहे. कमी सोडियमचे म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असताना किंवा मूत्रपिंड अशक्त असताना ते त्रास देऊ शकते. म्हणून डॉक्टरांस विचारूनच वापरावे.

तेलाचेही माप असेच काढावे. माणशी दिवसाला २० ते २५ ग्रॅम तेल धरल्यास पाच जणांच्या कुटुंबास महिन्यास तीन ते पावणेचार किलो तेल पुरे. कोणते तेल, ह्याचे उत्तर आपल्या रानातच आहे. पामतेलात सुमारे निम्मी चरबी घट्ट स्वरूपाची असते, खोबरेल तेलात त्याहून पुष्कळ अधिक. करडईच्या तेलात ती दहावा हिस्साही नसते. शेंगदाणा व सोयाबीन ह्यांची तेलेही चालतात; आलटून पालटून वापरावीत. एके काळी सोलापूर व मराठवाड्यात रब्बी ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी असत आणि घरचे तेल घाण्यावरून येत असे. आज ‘भीमा’, ‘परभणी कुसुम’ ह्यांसारखे वाण हाताशी असूनही काटे व काढणीची मजुरी ह्या कारणांनी क्षेत्र आक्रसले. ज्याच्या घरात हृदयरोगी आहे, त्याने निदान घरच्यापुरती पाच-दहा गुंठे करडई घ्यावी, असे आमचे मत आहे. वनस्पती तुपातील घातक चरबीवर सरकारने २०२२ पासून शेकडा दोनची मर्यादा घातली आहे. तथापि गाड्यावरील भजी ज्या तेलात दिवसभर तळली जातात, ते तेल टाळलेलेच बरे. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ ही पिशवीवरील अक्षरे पाहून जास्त पैसे मोजू नयेत. कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसतेच.

फ्रान्समधील लिओं शहरी ६०५ हृदयरुग्णांवर आहाराचा एक प्रयोग झाला. निम्म्यांस भाकरी-पाव, भाज्या, कडधान्ये, फळे व मासळी अधिक, मांस व लोणी कमी, असा आहार दिला. सुमारे चार वर्षांत नेहमीच्या आहारावरील गटात हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा झटका अशा ४४ घटना घडल्या. नव्या आहाराच्या गटात १४. प्रयोग लहान होता. त्यामुळे आकडे जसेच्या तसे धरू नयेत. परंतु ज्वारी-बाजरीची भाकरी, मुगाची उसळ, मेथी किंवा तांदुळजा, शेंगदाण्याऐवजी कधी जवसाची चटणी आणि घरामागच्या पपईची फोड ह्या जेवणाचा सांगाडा त्याहून फार निराळा नाही. तो मोडतो चहात. दिवसाला सात कप आणि कपास दोन चमचे साखर धरली, तर चौदा चमचे, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जाते.

दुधी भोपळ्याचा कच्चा रस हृदयास उत्तम, असा प्रचार ऐकू येतो. दुधीची भाजी निःसंशय चांगली. परंतु कधी कधी दुधीत कडू विषारी द्रव्य उतरते, आणि असा कडू रस पिऊन माणसे दगावली आहेत. फोड चाखून कडू लागल्यास तो दुधी फेकून द्यावा. भाजी करून खावी, रसाच्या नादी लागू नये.

उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे व दाणे खाऊन नेहमीपेक्षा दुप्पट तूप-तेल पोटात जाते, आणि गोळी मात्र ‘उपवास आहे’ म्हणून राहते. मधुमेही रुग्णाने तर डॉक्टरांस विचारल्यावाचून उपवास धरूच नये.

रुग्णासाठी वेगळी, बेचव भाजी शिजविण्याची पद्धत फार दिवस टिकत नाही. सगळ्या घराचेच मीठ-तेल उतरले पाहिजे. ह्या बाबतीत फिनलंड देशातील उत्तर कारेलिया प्रांताची हकीकत शेतकऱ्यांनी जाणून घेण्याजोगी आहे. दूध-लोण्यावर व जंगलतोडीवर जगणाऱ्या ह्या प्रांतात हृदयविकाराने कर्ते पुरुष इतक्या संख्येने मरत असत की, लोकांनीच सरकारकडे मदत मागितली. १९७२ साली तेथे काम सुरू झाले. ते रुग्णालयांपुरते ठेवले नाही. गावोगावच्या महिला मंडळांनी स्वयंपाक बदलला, लोण्याची जागा वनस्पती तेलाने घेतली, काही दूध उत्पादक बोरवर्गीय फळांकडे वळले. सुमारे पस्तीस वर्षांत कर्त्या वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू चार-पंचमांशाहून अधिक घटले.

हलके काम कशास म्हणावे

झटक्यानंतर शेतकऱ्याच्या घरी दोनच पद्धती आढळतात. एक तर त्यास खाटेवरून उठू देत नाहीत, किंवा पंधरा दिवसांत तो पोती उचलू लागतो. दोन्ही चूक आहेत. बसून राहिलेले हृदय बळकट होत नाही. घरी आल्यावर डॉक्टरांनी निराळे सांगितले नसल्यास प्रथम अंगणात व गल्लीत पाच-दहा मिनिटे, दिवसातून दोनदा, सपाट वाटेने चालावे. दर आठवड्यास काही मिनिटे वाढवीत दोनेक महिन्यांत अर्ध्या तासावर न्यावे. पुढे हे चालणे आठवड्यातून किमान पाच दिवस कायम ठेवावे. ‘शेतात फिरणे होतेच की’ हे उत्तर ग्राह्य धरू नये. मोटारसायकलीवर बांधापर्यंत जाऊन उभ्याने मजुरांस सूचना देणे म्हणजे चालणे नव्हे.

श्रमाचे माप घड्याळावाचूनही काढता येते. काम करताना सोबत्याशी अखंड बोलता येत असेल, तर श्रम योग्य आहेत. एका वाक्यात दोनदा दम घ्यावा लागला, तर थांबावे. छातीत दाटले, घाम फुटला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या दिवसाचे काम संपले.

ह्या मापाने पाहता भाजीपाल्याची तोडणी, शेंगा निवडणे, रोपवाटिकेस झारीने पाणी घालणे, गुरांस वैरण घालणे ही कामे पहिल्या काही आठवड्यांनंतर बहुतेकांस जमतात. खुरपणी बसून, सावलीच्या वेळी व तासाभरात विसावा घेऊन करावी. पुढे दारे धरणे चालेल. परंतु चिखलात फावडे मारून बांध घालणे त्याच कामाचा भाग असते, आणि ते जड आहे. ते दुसऱ्याकडे द्यावे. श्वास रोखून जोर लावावा लागतो अशी सर्व कामे हृदयरोग्यास वाईट, कारण त्या क्षणी रक्तदाब एकदम चढतो. ५० किलोचे पोते पाठीवर घेणे, चिखलात रुतलेली गाडी ढकलणे, डिझेल इंजिनाचे हँडल मारणे, विहिरीतील मोटर दोराने ओढून काढणे ही कामे त्यातच येतात. तपासणी करून डॉक्टरांनी स्पष्ट मुभा दिल्याखेरीज ती करू नयेत. बायपास शस्त्रक्रिया झाली असेल, तर छातीचे हाड सांधण्यास दोन-तीन महिने लागतात. तोपर्यंत भरलेली कळशीही उचलू नये.

फवारणी तर हृदयरोग्याने करूच नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. १६ लिटरचा पंप भरल्यावर पाठीवर वीस किलोच्या आसपास ओझे होते, हे एक कारण. दुसरे अधिक गंभीर आहे. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ह्यांसारखी सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशके अंगात भिनल्यास नाडी मंदावू शकते आणि श्वास कोंडतो. हृदयरोग्याची नाडी गोळीने आधीच मंद ठेवलेली असते. त्यात ही भर पडली तर ती धोक्याची आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने धडधाकट माणसे दगावली, हे आपण पाहिले आहे. घरात फवारणीस दुसरे कोणी नसेल, तर गटाने किंवा भाड्याच्या यंत्राने करून घ्यावी. तेवढ्यातूनही विषबाधेची शंका आली, तर दवाखान्यात औषधाच्या डब्याबरोबर हृदयाच्या गोळ्यांचा कागदही दाखवावा.

रात्रीच्या विजेवर पौष-माघात पाणी देणे हे दुसरे संकट होय. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात व रक्तदाब वाढतो. शिवाय माणूस एकटा, अंधारात, गावापासून दूर असतो. रात्रीची पाळी रुग्णाकडे देऊ नये. उन्हाळ्यात काम सकाळी दहाच्या आत आटोपावे. लघवी वाढविणारी गोळी चालू असल्यास उन्हात अंगातील पाणी लवकर उतरते व चक्कर येते. पाणी किती प्यावे, हे डॉक्टरांस विचारून ठेवावे, कारण हृदय अशक्त झालेल्या काहींस पाण्याची मर्यादा घातलेली असते. उसाचे पाचट व कचरा जाळण्याने जमिनीचे नुकसान होते हे आम्ही नेहमी सांगतो. त्या धुराने हृदयासही अपाय होतो. पाचट सरीत दाबावे.

योगासनांविषयी विचारणा होते. भारतातील २४ केंद्रांत ३,९५९ हृदयरुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२० साली आले. योगाधिष्ठित कार्यक्रमामुळे रुग्ण पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या रीतीने परतले व त्यांस बरे वाटले. परंतु पुन्हा झटका किंवा मृत्यू टळल्याचे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले नाही. तेव्हा योगासने अवश्य करावीत, गोळ्यांच्या ऐवजी नव्हे.

मन खचणे हाही ह्या दुखण्याचा भाग आहे. झटका येऊन गेलेल्यांपैकी पाचांतील एकास तरी गंभीर औदासीन्य येते. तो बोलत नाही, जेवत नाही, ‘आता माझा काय उपयोग’ म्हणतो आणि गोळ्याही टाकतो. घरच्यांस तो आळस वाटतो. हिशेब, बियाण्याची निवड, बाजारभावाची चौकशी ही कामे त्याच्याकडेच राहू द्यावीत. आणि औदासीन्य दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांस सांगावे, त्यावर औषध आहे.

कार्यकर्त्याच्या भेटी

अशा भेटींचा काही उपयोग होतो काय, ह्याचीही परीक्षा आपल्या देशात झाली आहे. १४ रुग्णालयांतील ८०६ हृदयरुग्णांपैकी निम्म्यांस प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी रुग्णालयात व नंतर घरी भेटून समजावले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात वर्षअखेर त्यांपैकी शेकडा ९७ जण औषधे नीट घेत होते, दुसऱ्या गटात ९२. रक्तदाब, तंबाखू, आहार व व्यायाम ह्या बाबतींतही भेटी झालेला गट सरस ठरला. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते.

आशा स्वयंसेविका, कृषी कर्मचारी किंवा बचत गटातील एखादी लिहितीवाचती महिला हे काम करू शकते. भेटीत ‘गोळ्या घेता का’ असे विचारू नये, त्यास ‘हो’ हेच उत्तर येते. पाकीट मागून उरलेल्या गोळ्या मोजाव्यात. मिठाचा पुडा केव्हा फोडला, हे घरच्या स्त्रीस विचारावे. आणि रुग्ण स्त्री असेल, तर दोन भेटी अधिक द्याव्यात. कारण तिच्या तपासणीची तारीख घरातील प्रत्येक कामापुढे ढकलली जाते आणि तिच्या विश्रांतीचे दिवस कोणी मोजत नाही.

पुन्हा छातीत दुखल्यास

एवढे करूनही दुखणे उलटू शकते. छातीच्या मध्यभागी दाब किंवा जळजळ, डाव्या हातात, जबड्यात अथवा पाठीत जाणारी कळ, दरदरून घाम, दम लागणे ही लक्षणे होत. स्त्रिया व मधुमेही ह्यांस कधी कधी नुसते मळमळते, थकवा येतो किंवा दम लागतो. ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोडा किंवा जिरे घेऊन तास-दोन तास वाट पाहण्यात जितकी माणसे जातात, तितकी खचितच दुसऱ्या कारणाने जात नसावीत. ज्यास एकदा झटका आला आहे, त्याच्या छातीतील दुखणे हृदयाचेच समजून चालावे.

काम तेथेच टाकून बसावे. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवावयाची गोळी दिली असेल, तर ती बसूनच घ्यावी. उभ्याने घेतल्यास रक्तदाब उतरून माणूस कोसळतो. पाच मिनिटांत कळ न थांबल्यास १०८ क्रमांकास फोन करावा. अॅस्पिरिनची अॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल, तर डॉक्टरांनी ह्या प्रसंगासाठी सांगून ठेवलेली मात्रा चावून घ्यावी. रुग्णास मोटारसायकलीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये, आणि त्याने स्वतः वाहन चालवीत तर कदापि जाऊ नये. ‘ईसीजी’ निघेल अशा जवळच्या रुग्णालयात आधी पोहोचावे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन जितके लवकर मिळेल तितका स्नायू वाचतो. पहिले दोन-तीन तास सर्वांत मोलाचे असतात.

जिभेखालची गोळी घामाने भिजणाऱ्या खिशात मोकळी ठेवू नये. मूळच्या बाटलीत किंवा पाकिटात ठेवून, मुदत संपताच बदलावी. रुग्णालयाची फाइल, शेवटचा ईसीजी, गोळ्यांचा कागद, आधार व शिधापत्रिकेच्या प्रती हे सर्व एका पिशवीत घालून ती पिशवी दाराजवळच्या खुंटीस टांगावी. रुग्ण शेतात असेल आणि घरी केवळ सून किंवा शाळकरी मूल असेल, तरी पिशवी कोठे आहे व कोणता क्रमांक फिरवावयाचा, हे त्यांस आधीच दाखवून ठेवावे.